एक टेबल, दोन खुर्च्या

प्रति,
कार्यकारी मंडळाचे सदस्य,
मुंबईतल्या मराठी साहित्यसंस्था आणि सार्वजनिक ग्रंथालये

विषय : नव्या लेखकांना पुस्तक काढण्याबाबत माहिती देता यावी म्हणून महिन्यातून दोन शनिवार जागा मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी मुद्रितशोधक. लोक प्रूफरीडर म्हणतात, छापखान्यात ‘प्रूफवाले’ म्हणायचे. चौतीस वर्षं हेच काम केलं. सुरुवात गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ओल्या गॅलीवर खुणा करण्यापासून झाली, शेवट पडद्यावरच्या पीडीएफसमोर डोळे बारीक करून. शेकडो पुस्तकं हाताखालून गेली. त्यांतल्या एकावरही माझं नाव नाही, आणि ते योग्यच आहे. मुद्रितशोधकाची आठवण निघते ती चूक राहिली तरच.

निवृत्त झाल्यावर दादरच्या एका ग्रंथालयात पेपर वाचायला जाऊ लागलो. एके दिवशी तिथल्या जिन्याखालच्या बाकावर एक मुलगा कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. सवयीने मी डोकावलो आणि पहिल्याच ओळीतला ऱ्हस्वदीर्घाचा घोळ दाखवला. तो रागावला नाही. म्हणाला, “काका, ते राहू द्या, हे छापायचं कुठे ते सांगा.” दोन तास बोललो. पुढच्या शनिवारी तो मित्राला घेऊन आला. त्याला आता सहा वर्षं झाली. शनिवारी तीन ते पाच मी त्या बाकावर असतो हे कुणाकडून कुणाला तरी कळतं आणि माणसं येतात. विरारहून, कल्याणहून, मानखुर्दहून, एकदा तर रोह्याहून. पाच वाजता रखवालदार येतो, “चला साहेब, जिना मोकळा करा,” म्हणतो आणि आम्ही उठतो. त्याचंही बरोबर आहे. वरच्या सभागृहात कुणाच्या तरी पुस्तकाचं प्रकाशन सुरू व्हायचं असतं. शाल-श्रीफळ जिन्यावरून वर जातं आणि पुस्तक काढायचं कसं हे विचारणारे जिन्याखाली. हे पत्र त्या जिन्याखालच्या जागेबद्दल आहे.

आपल्याकडे समजूत अशी, की नव्या लेखकाला लिहायला शिकवलं पाहिजे. म्हणून कथेची शिबिरं होतात, कवितेच्या कार्यशाळा होतात, चहा-वडा होतो, प्रमाणपत्र मिळतं. होऊ देत. पण सहा वर्षांत मला कथा कशी लिहावी हे एकानेही विचारलेलं नाही. विचारतात ते असं : “नऊ ठिकाणी पाठवलं, उत्तर नाही, दहाव्या ठिकाणी पाठवू का?” “कविता व्हॉट्सॲपवर टाकली तर चोरीला जाईल का?” “आयएसबीएनला किती पैसे पडतात?” “करार इंग्रजीत आहे, सही करू का?” हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा सही करून झाल्यावर येतो.

डोंबिवलीच्या एक बाई आहेत. परळच्या एका इस्पितळात तीस वर्षं परिचारिका होत्या. वॉर्डातल्या रात्रपाळीच्या आठवणी त्यांनी चार वह्यांत लिहिल्या. मी त्या वाचल्या आहेत, आणि भल्याभल्यांना जमणार नाही असं त्यात काही आहे : माणूस गेल्यावर खाटेवरची चादर बदलताना नातेवाइकांकडे पाहायचं की नाही, याबद्दलची दीड पानं. त्यांनी सहा प्रकाशकांना पाठवलं. एका ठिकाणाहून पोच आली, बाकी सगळं शांत. मग मुलाने मोबाइलवर शोधून एका कंपनीचा फॉर्म भरला, आणि तासाभरात फोन आला, “मॅडम, आमच्या एडिटोरियल टीमला तुमचं पुस्तक खूप आवडलं.” वह्या अजून कपाटातच होत्या. फॉर्ममध्ये फक्त नाव आणि विषय होता.

सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी तीन पॅकेजं. बाईंनी मधलं घेतलं, पंच्याऐंशी हजारांचं. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे. त्यात ‘आयएसबीएन शुल्क ३,५००’ असं वेगळं लिहिलेलं. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, तो आपल्या देशात फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, ऑनलाइन अर्ज करता येतो, प्रकाशकालाच नव्हे तर स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही. ‘ई-बुक अपलोड चार्ज’ होता. किंडलवर पुस्तक चढवायला पैसे पडत नाहीत. ‘कॉपीराइट प्रोटेक्शन’ होतं. त्याचं पुढे सांगतो. पन्नास प्रती घरी आल्या, बाकीच्या ‘मागणीप्रमाणे छापू’. मागणी यायला पुस्तक कुठल्या दुकानात असायला हवं, ते नव्हतं. खोका दिवाणाखाली गेला. मुखपान उलटलं की मागे आवृत्ती, मुद्रक वगैरे छापतात, तिथे ओळ होती : ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’. स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी, स्वतःच्या पैशांनी छापलेल्या, आणि हक्क दुसऱ्याचे.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवीत दोन प्रती आणि अकरा पानी इंग्रजी करार होता. अकरा पानांत न्यायालय कुठलं, नोटीस कशी द्यायची, वादळ-भूकंप झाला तर काय, सगळं होतं. मुदत नव्हती. आता कायदा काय म्हणतो पाहा, कारण हे आपल्या एकाही शिबिरात सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं, त्यावर सही हवी, आणि कुठलं पुस्तक, कुठले हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, मोबदला किती हे त्यात लिहायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क घेणाऱ्याने घेतल्यापासून वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते आपोआप संपतात. मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, “म्हणजे पाच वर्षांनी सुटेन का हो दादा?”

पैशांपेक्षा मोठं नुकसान मला नंतर कळलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे : ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही त्याचं हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासून घेतात आणि निवड झाली तर पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देतात. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचे वेगळे पुरस्कार असतात, काव्याचा बहिणाबाई चौधरींच्या नावाने, कादंबरीचा श्री. ना. पेंडसे यांच्या. मंडळाचा पत्ता प्रभादेवीचा. बाई तीस वर्षं परळ स्टेशनला उतरत होत्या, पूल ओलांडला की प्रभादेवी. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि दिवाणाखालच्या त्या पन्नास प्रतींनी त्यांचं ‘पहिलं पुस्तक’ खाऊन टाकलं. ते परत मिळत नाही. कंपनीने पंच्याऐंशी हजार परत केले, तरी नाही.

मी त्या कंपनीवर फार रागावलेलो नाही, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. ती दुकान मांडून बसली आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. बाईंना सहा ठिकाणांहून उत्तर आलं नाही, आणि सातव्याने तासाभरात दिलं. जो उत्तर देतो त्याच्याकडे माणूस जातो. तिथे मग उत्तर देणारा आणि विकणारा एकच असतो. लेखकाला काहीही न विकणारा, पण उत्तर देणारा कुणीतरी या शहरात असायला हवा. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं पत्र हे त्याचं स्पष्टीकरण समजा.

प्रकाशकांच्या गप्प राहण्याबद्दल थोडं. याच मुंबईत, खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिक निघत होतं, १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी पत्रव्यवहार करायचे, कथा परत करताना का परत करतो ते सांगायचे, पुन्हा लिहून घ्यायचे. मी त्या काळाच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांतला नाही. त्या दाराशी ज्यांना जागा नव्हती, किंवा ते दारच मान्य नव्हतं, त्यांनी साठच्या दशकात ‘असो’, ‘येरू’ अशी अनियतकालिकं काढली. अशोक शहाणे, राजा ढाले यांची ती पिढी. पण एक पाहा, दोन्हीकडे समोर काहीतरी होतं. होकार होता किंवा नकार होता. नकार आला की माणूस भांडतो, सुधारतो, नाहीतर स्वतःचं काढतो. आता मोबाइलवर दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही नाही. त्या खुणांशी भांडता येत नाही.

प्रकाशकांची बाजूही मला माहीत आहे, त्यांच्याच कचेऱ्यांत आयुष्य गेलं. बरेच मराठी प्रकाशक म्हणजे एक माणूस, एक मदतनीस आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून जायची एक वाट. तोच हस्तलिखित वाचतो, तोच बिलं करतो, तोच सुतळीने पार्सल बांधतो. हिशोब पाहा. समजा तीनशे रुपयांचं पुस्तक आहे आणि पाचशे प्रती छापल्या. वितरक आणि दुकानदार यांच्यात मिळून चाळीस टक्के गेले, म्हणजे प्रतीमागे हाती एकशे ऐंशी. कागद, छपाई, बांधणी यांचे नव्वद धरा. दहा टक्के रॉयल्टी म्हणजे लेखकाचे तीस. उरले साठ, त्यात अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, गोदामाचं भाडं आणि माझ्यासारख्याचे पानामागचे रुपये. तेही सगळ्या प्रती खपल्या तर, आणि खपलेल्यांचे पैसे वेळेवर आले तर. लेखकाला सगळ्या आवृत्तीचे मिळून पंधरा हजार. मी हे आकडे बाकावर कागदावर मांडून दाखवतो, तेव्हा निम्मी माणसं गप्प होतात. एक बँकेतला गृहस्थ मात्र म्हणाला, “मग हे लोक धंदा करतात तरी का?” मला उत्तर सुचलं नाही.

हा हिशोब आधीच माहीत असला तर लेखक प्रकाशकाशी जास्त समजुतीने वागतो, आणि जास्त नेमकेपणाने भांडतोही. आवृत्ती किती प्रतींची, हे करारात लिहा म्हणतो. वर्षातून एकदा विक्रीचा हिशोब द्या म्हणतो. ऐकायच्या पुस्तकांचे, अनुवादाचे, चित्रपटाचे हक्क वेगळे आहेत हे त्याला कळतं. ऑडिओच्या बाबतीत तर जुन्या लेखकांचे वारसही माझ्याकडे येऊन गेले. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आहे, की करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिले असं धरत नाहीत. हे वाक्य एका टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या मुलाने तीन वेळा वाचून घेतलं. वडिलांच्या कथासंग्रहाचा करार त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणला होता.

मघाचं ‘कॉपीराइट प्रोटेक्शन’. लोक म्हणतात, “कॉपीराइट काढायचाय.” काढावा लागत नाही. लिहिलं त्या क्षणी तो आपला असतो, लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. नोंदणी करता येते, साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क आहे, पुढेमागे कज्जा झाला तर पुरावा म्हणून ती कामाला येते. पण नोंदणी नाही म्हणून हक्क नाही, असं नसतं. स्वतःच्याच पत्त्यावर हस्तलिखित रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवणारे दोघं-तिघं मला भेटले. पाकीट राहू द्या, तारखा असलेले कच्चे खर्डे जपून ठेवा, असं मी सांगतो. उलट बाजूही सांगावी लागते. एका मुलाने कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कुणाच्या ना कुणाच्या कवितेच्या चार ओळी घातल्या होत्या. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. मुलगा म्हणाला, “मग मर्ढेकरच ठेवतो.” मी म्हटलं, आधी कादंबरीला त्यांची गरज आहे का ते बघ.

माझ्या धंद्याचंही थोडं सांगतो, कारण इथे नव्या लेखकाचे उगाच पैसे जातात. अजून कित्येक जण जुन्या फाँटमध्ये टाइप करून आणतात, छापखाना युनिकोडमध्ये बदलतो, नाहीतर उलटं, आणि त्या बदलात अक्षरं सांडतात. सगळ्यात आधी मार खातो तो ‘ऱ्य’. सह्याद्रीवरच्या एका प्रवासवर्णनात ‘दऱ्या’ होत्या तिथे सगळीकडे ‘दर्या’ झाला होता. लेखक घाटमाथ्यावर उभा, आणि खाली समुद्र. पुस्तक सोळा-सोळा पानं एकत्र, म्हणजे सोळा पानांच्या फर्म्याने छापतात. एकशे साठ पानांत बसत असलेलं पुस्तक ऋणनिर्देश लांबल्यामुळे एकशे एकसष्टावर गेलं की खर्च वाढतो. तेव्हा मेव्हण्याचे आभार एका ओळीत माना. छापायला देण्याआधी कागदावर काढून एकदा मोठ्याने वाचा. हे सांगायला मुद्रितशोधकच लागतो असं नाही, पण कुणीतरी लागतं.

आणि दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या मराठी लेखकासाठी याच्याइतकं उघडं दार दुसरं नाही. पुस्तकाआधी तिथे चार कथा येऊ द्याव्यात, संपादकांचं मत कळतं, नाव ओळखीचं होतं. पण माझ्याकडे लोक गणपतीत विचारायला येतात, “दिवाळी अंकाला कुठे पाठवू?” तोवर बऱ्याच अंकांची पानं लागलेली असतात. मे-जूनमध्ये पाठवा. हे एक वाक्य आपल्या सूचनाफलकावर दरवर्षी अक्षयतृतीयेला लावलं, तरी खूप होईल.

पुस्तक निघाल्यावरचं तर कुणाच्या गावीच नसतं. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. मुंबईची प्रत टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्या चढून जाते. ग्रंथालय संचालनालय निवडक ग्रंथांची यादी काढतं, तिच्यात पुस्तक आलं तर गावोगावच्या ग्रंथालयांकडून मागणी येते, पण त्यासाठी प्रती वेळेत सादर कराव्या लागतात. करारावर सही करण्याआधी ‘हे तुम्ही करणार का?’ एवढं विचारलं तरी समोरचा प्रकाशक आहे की नुसता छापून देणारा, हे बरंचसं कळतं.

आता आपल्या मनात येणाऱ्या शंका. पहिली : प्रकाशक नाराज होतील. चांगले होणार नाहीत. बालसाहित्य काढणाऱ्याकडे शेअर बाजाराचं हस्तलिखित यायचं थांबलं, तर त्याचे दोन तास वाचतील. दुसरी : हे आमचं काम आहे का? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा. या संस्था स्थापन करणाऱ्यांनी तेव्हा कुणाला विचारलं नसावं, की हे आमचं काम आहे का. तिसरी शंका कुणी बोलून दाखवणार नाही, म्हणून मीच दाखवतो : असे किती लेखक, आणि त्यांतले किती खरे? १८८५ मध्ये ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला जोतीराव फुल्यांनी पत्रानेच उत्तर दिलं होतं, आणि सभा भरवणाऱ्यांना ‘घालमोडे दादा’ म्हटलं होतं. मी काही तेवढा मोठा नाही आणि मला भांडायचंही नाही. पण खरा लेखक कोण हे आपण सभागृहातून ठरवायचं आणि बाकीच्यांनी जिन्याखाली थांबायचं, या पद्धतीवर ते पत्र अजूनही लागू पडतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. मीही खाल्ला एक. त्या दर्जाच्या नावाने जे काही उपक्रम होतील, त्यांत माझी मागणी अगदी स्वस्तातली आहे.

एक टेबल, दोन खुर्च्या. महिन्यातला पहिला आणि तिसरा शनिवार, तीन ते पाच. पंखा असला तर उत्तम. जागा जिन्यावरून दिसणारी हवी, कारण नवा लेखक आधीच संकोचलेला असतो, तीन दारं उघडून आत यायची त्याला हिंमत होत नाही. बाहेर पाटी हवी, आणि कृपा करून तिच्यावर ‘मार्गदर्शन कक्ष’ लिहू नका, ते वाचून माणूस परत जातो. ‘पुस्तक काढायचंय? इथे विचारा’ पुरे.

बसायला माणसं मी आणतो. एक निवृत्त अक्षरजुळणीकार बाई आहेत, तीस वर्षं दुकान चालवलेले एक पुस्तकविक्रेते आहेत, एक वकील आहेत, त्या महिन्यातून एकदा यायला तयार आहेत. समीक्षक नकोत. त्यांच्यासाठी वरचं सभागृह आहे. नियम मात्र कडक हवा : जो टेबलावर बसेल त्याची स्वतःची प्रकाशनसंस्था नसावी, त्याने पैसे घेऊ नयेत, आणि ‘अमक्याकडेच जा’ असं सांगू नये. हा नियम पहिल्या दिवशी मोडायचा प्रयत्न होईल, मला नावंही माहीत आहेत.

टेबलावर एक फाइल राहील. तिच्यात मंडळाच्या योजनेचा चालू वर्षीचा अर्ज, आयएसबीएनचा अर्ज कसा भरायचा ते, आणि मराठीत दीड पानाचा नमुना करार. हा करार व्हायलाच हवा. वकीलबाईंनी खर्डा केला आहे, मी त्याची प्रुफं तपासली आहेत. प्रकाशकांकडून आपण एकेक ओळ मागवावी : काय छापता, हस्तलिखित कुठल्या महिन्यांत वाचता, टाइप केलेलं हवं की वही चालते, किती दिवसांत कळवता, लेखकाकडून पैसे घेता का. मी मागितली तर पत्र केराच्या टोपलीत जाईल. आपल्या संस्थांच्या कागदावर शिक्का मारून गेलं तर ओळ येईल. शेवटच्या प्रश्नाला ‘घेतो’ असं उत्तर आलं तरी हरकत नाही. किती, कशाचे आणि त्याबदल्यात किती प्रती, एवढं लिहून यावं. लपवाछपवी नसली की तोही एक रास्त व्यवहार आहे.

आणि एक नोंदवही. येणाऱ्याने नाव लिहिलं नाही तरी चालेल, पण कराराचं कुठलं कलम खटकलं ते लिहावं. एकाच कलमाबद्दल दहा जणांनी लिहिलं, तर संस्थेने त्या प्रकाशकाला एक पत्र पाठवावं. एकट्या लेखकाने लिहिलेलं पत्र आणि शंभर वर्षांच्या संस्थेने लिहिलेलं पत्र यांतला फरक मी छापखान्यात बसून पाहिला आहे.

डोंबिवलीच्या बाईंच्या करारावर सही होऊन येत्या जूनमध्ये पाच वर्षं पूर्ण होतात. हक्क आता माझ्याकडे परत आले आहेत, उरलेल्या प्रती आणि छपाईच्या फाइल पाठवा, पुस्तक विक्रीतून काढा, अशा मजकुराच्या पत्राचा मसुदा आम्ही गेल्या शनिवारी बाकावर बसून करत होतो. त्यांना ‘कळावे’च्या आधी आणखी एक वाक्य घालायचं होतं. ते कसं लिहावं यावर बोलत होतो, तेवढ्यात पाच वाजले आणि रखवालदार आला. उरलेलं पुढच्या शनिवारी करायचं ठरलं आहे. तोवर आपलं उत्तर आलं तर टेबलावर करू, नाहीतर बाक आहेच.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक
करी रोड, मुंबई